चाकांवरचें घर आणि मरुभूमींतील निदाघ

अक्षय्यतृतीया उलटली कीं अलीकडे आपल्यापैकीं पुष्कळ घरांतून एक नवीनच प्रस्थान सुरू होतें. मुलगा अथवा मुलगी अमेरिकेंत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली असते. नातवंडांच्या शाळांना जून ते ऑगस्ट सुटी असते. आणि म्हणून आजी-आजोबा मेतकूट, लोणचें व औषधांच्या गोळ्या पेटींत भरून त्याच सुमारास तिकडे पोंचतात. वडील मंडळी आलेलीं, मुलांना सुटी, तेव्हां चार ठिकाणें दाखवावीं असें यजमानांस वाटणें साहजिकच आहे. हॉटेलांचे दर आणि शाकाहारी जेवणाची अडचण लक्षांत घेतां, स्वैपाकघर, निजण्याच्या जागा व शौचकूप यांसह चालणारें 'आर. व्ही.' नांवाचें वाहन भाड्यानें घ्यावें, ही युक्ति कोणास तरी सुचते. आणि पुष्कळदां नकाशावरचा मार्ग ॲरिझोना, नेव्हाडा व कॅलिफोर्निया या राज्यांच्या वाळवंटांतून, तोहि ऐन जून-जुलैंत, आंखला जातो. असा बेत ज्यांच्या घरीं शिजत असेल, त्यांस तेथील उन्हाळा म्हणजे काय वस्तु आहे आणि पत्र्याच्या त्या घरांत तो कसा सोसावा किंवा कसा टाळावा, याची कल्पना निघण्यापूर्वींच यावी, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

या वाहनांचे प्रकार अनेक आहेत. कांहीं स्वतःच्या इंजिनावर चालतात, कांहीं मोटारीमागें जोडून ओढून न्यावीं लागतात. रचना मात्र सर्वांची बहुतेक सारखीच : बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्याच्या आंत दीड-दोन इंच जाडीचा फेसाळ प्लास्टिकचा थर, आणि त्याआंत फळ्यांची सजावट. छपरावर थंड हवेचें यंत्र, पोटांत पाण्याची टांकी. या घरानें मुक्काम करण्याच्या रीति दोन. एक, पैसे भरून अशा तळावर राहावयाचें कीं जेथें वीज, पाणी व मैलापाणी यांची जोडणी मिळते. दुसरी, कोठेंहि रानांत गाडी उभी करून बरोबर आणलेल्या पाण्यावर आणि स्वतः निर्माण केलेल्या विजेवर दिवस काढावयाचे. या दुसऱ्या रीतीस तिकडचे लोक 'बूनडॉकिंग' म्हणतात. हा शब्द ऐकून मला प्रथम तो इंग्रजी वाटेना, आणि तो इंग्रजी नाहींच. फिलिपाइन बेटांतील टागालोग भाषेंत 'बुंदोक' म्हणजे डोंगर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सैन्य त्या बेटांवर लढण्यास गेलें, तेथून शिपायांनीं हा शब्द आणला, आणि डोंगराचा अर्थ आडरान असा झाला. शब्दांचे प्रवासहि माणसांच्या प्रवासाइतकेच विलक्षण असतात! आपल्याकडे 'मरु' या शब्दाची व्युत्पत्ति कोशकार 'मृ' म्हणजे मरणें या धातूपासून देतात, आणि कडक उन्हाळ्याचें नांव जें 'निदाघ', तें 'दह्' म्हणजे जाळणें यापासून आलेलें आहे. ज्या लोकांनीं हे दोन शब्द घडविले त्यांस वाळवंटाचा परिचय ऐकीव नसावा.

पश्चिम ॲरिझोनांतील क्वार्टझसाइट हें गांव या चाकांवरच्या घरांचें जणूं पंढरपूर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें २७० मीटर उंची, कायमची वस्ती अवघी अडीच हजारांच्या आंतबाहेर. परंतु हिंवाळ्यांत उत्तरेकडील बर्फास कंटाळलेले वृद्ध लोक हजारोंच्या संख्येनें तेथें येऊन उतरतात. सरकारी पडीक जमिनीवर त्यांना १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत, सात महिने, अल्प फी भरून राहतां येतें. इतर सरकारी मोकळ्या जमिनीवर सामान्यतः एका ठिकाणीं चौदा दिवसांची मर्यादा आहे. या मुदतीची अखेर १५ एप्रिल कां ठेविली असेल, हें कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. मे महिन्यांत तेथें गेलें कीं तें आपोआप समजतें. ज्या माळावर जानेवारींत गाड्यांची दाटी, तेथें जूनमध्यें दृष्टि पोंचेल तेथवर खडी, काटेरी झुडपें आणि थरथरणारी हवा यांवांचून कांहीं दिसत नाहीं. मृगजळाचें वर्णन आयुष्यभर शिकविलें. तें डांबरी रस्त्यावर भर दुपारीं इतकें स्पष्ट दिसेल असें वाटलें नव्हतें.

याच गांवच्या स्मशानांत दगडांचा एक लहानसा पिरॅमिड असून त्यावर तांब्याचा उंट उभा आहे. त्याखालीं 'हाय जॉली' विसांवला आहे. हा मूळचा हाजी अली, तुर्की साम्राज्यांतील सिरियाचा रहिवासी. अमेरिकेच्या सैन्यानें वाळवंटांत सामान वाहण्यासाठीं अरबी मुलखांतून उंट आणविले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला १८५६ सालीं आला. शिपायांना त्याचें नांव उच्चारतां येईना, म्हणून हाजी अलीचा 'हाय जॉली' झाला. यादवी युद्धानंतर सैन्यानें उंटांचा नाद सोडला; हा मात्र तेथेंच राहिला, सोन्याचा शोध करीत हिंडला आणि १९०२ सालीं तेथेंच वारला. हें स्मारक १९३५ मधलें आहे. वाळवंटांत राहण्याचें ज्ञान पिढ्यान्पिढ्या जवळ असलेला माणूस मुद्दाम बाहेरून आणावा आणि नंतर त्याच्या ज्ञानाची कोणासच गरज वाटूं नये, याचें मला त्या थडग्यापाशीं फार नवल वाटलें.

आतां उष्म्याचें मान सांगतों. कॅलिफोर्नियांतील डेथ व्हॅली म्हणजे मृत्युदरी. तिच्यांतील फर्नेस क्रीक येथें १० जुलै १९१३ रोजीं ५६.७ अंश सेल्सियस उष्णता नोंदली गेली, आणि जगांतील उच्चांक म्हणून तीच नोंद अधिकृतपणें मानली जाते. अलीकडील काळांत, २०२० व २०२१ या दोन्ही वर्षीं, तेथेंच ५४.४ अंशांपर्यंत पारा चढला. नागपूर-चंद्रपूरकडील मंडळी म्हणतील कीं सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंश आम्हांस नवे नाहींत. खरें आहे. परंतु नागपूरच्या माणसास दोन प्रहरीं जाड भिंतींचें घर असतें, रांजण असतो, हांक मारली तर ऐकूं येईल असा शेजारी असतो. ॲरिझोनाची राजधानी फीनिक्स येथें २०२३ सालीं ३० जूनपासून सलग ३१ दिवस उष्णता ४३.३ अंशांच्या खालीं उतरली नाहीं, म्हणजे दिवसाचा उच्चांक रोज त्याच्या वरच राहिला. आणि ज्या मॅरिकोपा जिल्ह्यांत हें शहर आहे, त्या एका जिल्ह्यांत त्या वर्षीं उष्म्यानें ६४५ माणसें मेल्याची सरकारी नोंद आहे. हें जगांतील सर्वांत धनाढ्य देशांत! घरांत मरण आलेल्यांपैकीं बहुतेकांच्या येथें थंड हवेचें यंत्र होतें, पण तें चालू स्थितींत नव्हतें. आणि फिरत्या पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांची संख्या त्यांत लोकवस्तीच्या मानानें फारच अधिक होती.

याचें कारण समजण्यास पदार्थविज्ञान थोडेंच लागतें. आपल्या वाड्यांची दोन-दोन हात रुंद मातीची भिंत सकाळपासून उष्णता पीत राहते आणि ती आंत पोंचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. आर. व्ही. च्या भिंतीस पिण्याची शक्ति मुळींच नाहीं. सूर्य वर आल्यापासून घटकाभरांत आंतील हवा बाहेरच्या बरोबरीस येते, आणि मग कांचांतून शिरलेलें ऊन तिला बाहेरच्याहि पुढें नेतें. यंत्र बंद पडल्यास हें घर घर राहत नाहीं. ती भट्टी होते. म्हणून सर्व प्रश्न अखेर एकाच ठिकाणीं येऊन थांबतो : विजेच्या तारेपासून दूर रानांत तें यंत्र चालवावयाचें कशावर?

गणित साधें आहे, आणि तें निघण्यापूर्वीं कागदावर मांडावें. छपरावरील एक यंत्र चालण्यास सुमारें दीड किलोवॉट वीज घेतें. म्हणजे आपल्या विजेच्या बिलाच्या भाषेंत तासाला दीड युनिट. सकाळीं अकरापासून रात्रीं दहापर्यंत तें जवळजवळ अखंड चालवावें लागतें, म्हणजे सोळा-सतरा युनिट झाले. बारा व्होल्टांची, शंभर ॲम्पियर-अवर क्षमतेची एक उत्तम लिथियम बॅटरी पुरती भरली तरी तींत सव्वा युनिटच मावतें. अशा तेरा-चौदा बॅटऱ्या पाहिजेत, आणि एकेकीची किंमत ऐकली म्हणजे पुढचा प्रश्न विचारण्याची इच्छा राहत नाहीं. छपरावर सौरफलक बसवावे तर जागा थोडी. एक किलोवॉटचे फलक बसले तर जूनच्या लखलखीत दिवशीं पांच-सहा युनिट हातीं येतात. शिवाय एक चमत्कार असा कीं, ज्या उन्हावर हे फलक जगतात त्याच उन्हाच्या तापानें त्यांची शक्ति घटते : २५ अंशांपुढील प्रत्येक अंशास शेंकडा सुमारें ०.४ या मानानें. दुपारीं फलक स्वतः ६५-७० अंशांपर्यंत तापतो; म्हणजे शेंकडा सोळा-अठरा इतकी वीज ऐन गरजेच्या वेळींच कमी. सौरशक्तीवर दिवे, पंखे, पाण्याचा पंप, फोन, हें सर्व सुखानें चालतें. पण त्या देशांतील जुलै महिना भाड्याच्या गाडीच्या चार फलकांवर थंड करूं म्हणणें म्हणजे पळीनें विहीर उपसणें होय.

उरला जनरेटर. तो तासाला सुमारें दोन लिटर पेट्रोल खातो, आवाज करतो, आणि त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायु रंगगंधहीन असून झोपेंतच माणसाचा प्राण घेतो. गाडीच्या पोटांत बसविलेला जनरेटर बहुधा मुख्य टांकींतूनच पेट्रोल घेतो, आणि टांकी पाव भागावर आली कीं परत जाण्यापुरतें इंधन राहावें म्हणून आपोआप थांबतो. ही सोय शहाणपणाची आहे. परंतु मध्यरात्रीं तो कां थांबला हें ज्यास ठाऊक नाहीं त्याची तारांबळ उडते. यापेक्षां वाईट म्हणजे अतिशय उष्म्यानें जनरेटर स्वतःच तापून बंद पडतो. जेव्हां त्याची अत्यंत आवश्यकता, तेव्हांच तो आजारी!

हें शेवटचें मीं पुस्तकांत वाचलेलें नसून अनुभवलेलें आहे. आमचे जांवईबापू फीनिक्सजवळ राहतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत ते, आमची कन्या, दहा वर्षांची नात, आमचें कुटुंब आणि मी, असे पांच जण भाड्याची आर. व्ही. घेऊन कॅलिफोर्नियाकडे निघालों होतों. पहिला मुक्काम क्वार्टझसाइटच्या दक्षिणेस सरकारी माळावर. सायंकाळीं सहा वाजतां बाहेर ४५ अंश आणि आंत, यंत्र चालू असून, ३३. आठ वाजण्याच्या सुमारास जनरेटर खोकल्यासारखा आवाज करून थांबला. जांवईबापूंनीं अर्धा तास थंड होऊं देऊन पुन्हां लाविला. दहा मिनिटें चालला, पुन्हां बंद. गाडी देणाऱ्या कंपनीस फोन करावा तर फोनला तेथें तारच नव्हती. नऊ वाजतां आंत ४० अंश झाले. नात रडकुंडीस आली. परंतु माझें लक्ष कुटुंबाकडे होतें. तिला रक्तदाबासाठीं रोज एक गोळी असते, जिच्या योगें लघवी अधिक होते. "अहो, मला जरा मळमळतें आहे," इतकेंच ती म्हणाली, आणि हात पाहतों तों गार व घामानें चिंब. डोकें दुखत होतें, उभें राहिल्यावर घेरी येत होती. बोलणें मात्र शुद्धीवरचें होतें. हा एकच आधार.

कन्येनें तिला निजवून पाय उंच केले, ओल्या टॉवेलानें मान, कांखा व जांघा पुसल्या, नातीनें पुठ्ठ्यानें वारा घातला, आणि मीठ-साखर घातलेलें लिंबाचें पाणी घोट-घोट दिलें. जांवईबापू मात्र दाराशीं उभे राहून घड्याळाकडे पाहत होते. अखेर ते म्हणाले, "बाबा, येथें सकाळ होईपर्यंत थांबण्यांत अर्थ नाहीं. इंजिनाचा ए. सी. वेगळा आहे, तो चालतो. आपण डोंगर चढूं." आईस पुढच्या आसनाजवळ बसविलें, इंजिन सुरू केलें, आणि दहाव्या मिनिटास गार झोत सुरू झाला. विकेनबर्गवरून यार्नेलचा घाट चढून आम्ही पहांटेपूर्वीं प्रेस्कॉट गांवाजवळ पाइनच्या रानांत पोंचलों. दार उघडलें तर अंगावर शाल ओढावी असा गारवा. कुटुंबानें चहा मागितला, तेव्हां मीं प्रथमच घड्याळांत किती वाजले तें पाहिलें.

जांवईबापूंनीं जी गोष्ट केली तींतच या सर्व विषयाचें मर्म आहे. एक हजार मीटर चढलें कीं हवा साधारणतः साडेसहा अंशांनीं थंड होते. हवा कोरडी असेल तर दिवसा त्याहूनहि अधिक, नऊ-साडेनऊ अंशांपर्यंत. क्वार्टझसाइट २७० मीटरांवर, प्रेस्कॉट सुमारें १६४० वर, आणि फ्लॅगस्टाफ २१०० वर. तीन-चार तासांच्या वाटेवर जणूं वेगवेगळे ऋतु मांडून ठेविलेले आहेत. ज्याच्या घरास चाकें आहेत त्यानें उष्म्याशीं झुंजत कां बसावें? टांकींत पाव भागाहून अधिक इंधन आणि डोंगराकडची वाट मनांत पक्की, हीं दोन असलीं तर बाकी पुष्कळ उणीवा चालतात. तळ निवडतांना जेथून रात्रीं अंधारांत गाडी सरळ बाहेर निघेल अशीच जागा निवडावी. वाळूंत फार आंत शिरूं नये.

तरी एखाद-दुसरा दिवस खालीं काढावाच लागला, तर कांहीं गोष्टी उपयोगी पडतात. गाडीची पाठ पश्चिमेस करावी, म्हणजे पुढची मोठी कांच दुपारच्या उन्हांतून वांचते. कांचांना आंतून पांढरा अथवा चकचकीत पडदा लावण्यापेक्षां बाहेरून सांवली करणें कितीतरी चांगलें, कारण ऊन कांचेंतून एकदां आंत आलें कीं आंतच राहतें. स्वैपाक बाहेर, तोहि सकाळीं. आमच्याकडे त्या दिवशीं दुपारीं दहीपोहे व कैरीचें पन्हें असाच बेत होता, आणि परदेशांत राहूनहि कन्येस तो सुचला याचें आजीस कौतुक वाटलें. टायरांतील हवा पहांटे, टायर थंड असतांना तपासावी. तापलेल्या डांबरावर कमी हवेचा टायर फुटतो, आणि अशा गाडीचा टायर फुटणें हें लहानसहान प्रकरण नव्हे. अनवाणी पाऊल बाहेर टाकूं नये. फीनिक्सच्या रुग्णालयांत उन्हाळ्यांत तापलेल्या फरसबंदीवर पडून भाजलेले रोगी येतात, हें मुद्दाम सांगतों. आपल्याकडील म्हातारीं माणसें देवास नमस्कार करावयाचा म्हणून वहाणा काढून सूर्याकडे तोंड करून उभीं राहतात.

शीतकपाटाविषयीं दोन शब्द. या गाड्यांतील पुष्कळ कपाटें विजेच्या मोटारीवर न चालतां ज्योतीच्या उष्णतेवर चालतात. अमोनिया तापवून त्यायोगें थंडी उत्पन्न करण्याची ही युक्ति फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोघां स्वीडिश विद्यार्थ्यांनीं १९२२ च्या सुमारास काढली, आणि ती खरोखर बुद्धीचा चमत्कार आहे. परंतु त्या यंत्रास आपली उष्णता मागील बाजूनें बाहेरच्या हवेंत टाकावी लागते. बाहेरची हवाच चाळीस अंशांपुढें गेली कीं तें हतबल होतें. दूध नासलें तर नासलें. पण ज्यांच्या घरीं इन्सुलिन आहे त्यांनीं या कपाटावर विसंबूं नये. स्वतंत्र बर्फाची पेटी ठेवावी आणि बर्फाशीं औषध प्रत्यक्ष लागूं देऊं नये.

नागपूरकर वाचकांच्या मनांत एव्हांना प्रश्न आला असेल कीं, कूलर कां नाहीं? प्रश्न योग्य आहे. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडून हवा थंड करण्याचेंच तें तत्त्व, आणि कोरड्या वाळवंटांत तें उत्तम चालतें. हवा ४३ अंश आणि आर्द्रता शेंकडा दहा असेल तर ओलें कापड सुमारें वीस अंशांपर्यंत थंड होतें. कूलरचा झोत पंचवीसच्या आसपास येतो, आणि त्यास वीज एखाद्या पंख्याइतकीच पुरते. अडचणी दोन. एक, तो ताशीं चार-पांच लिटर पाणी सहज पितो; गाडींतील दीडशें लिटरांच्या टांकींत पिणें, स्वैपाक, भांडीं, अंघोळ यांबरोबर हा आणखी एक पाहुणा. दुसरी अडचण वाचकांस कदाचित् नवी असेल : ॲरिझोनासहि मान्सून आहे! जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तो धरतात, आणि जुलैंत मेक्सिकोकडून दमट हवा येऊं लागते. मग उष्णता थोडी उतरते, आर्द्रता शेंकडा तीस-चाळीसवर जाते, आणि कूलर जूनमध्यें ज्या घरास स्वर्ग करतो त्याच घरास जुलैंत मोरी करतो. शिवाय त्या दिवसांत कोरड्या ओढ्यांतून अचानक लोंढा येतो. दूर डोंगरावर पडलेला पाऊस खालीं निरभ्र आकाशाखालीं येऊन गांठतो. म्हणून वाळूचें सपाट पात्र कितीहि सुंदर दिसलें तरी तेथें गाडी उभी करूं नये.

शरीराच्या संरक्षणाचें तत्त्वहि कूलरचेंच आहे. एक लिटर घाम अंगावर वाळतो तेव्हां सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर नेतो. कोरड्या हवेंत तो इतक्या त्वरेनें वाळतो कीं घाम आला हें कळतच नाहीं. "मला कांहीं घाम येत नाहीं," असें म्हणणारा माणूस तेथें खरोखर वाळत चाललेला असतो. त्यांत वृद्धांची तहान मंद. म्हणून तहानेची वाट न पाहतां दर वीस मिनिटांनीं पेलाभर पाणी प्यावें. मृत्युदरीच्या उद्यानाचे अधिकारी प्रत्येकीं दिवसाला किमान चार लिटर सांगतात. पण नुसतें पाणीच पीत राहणेंहि घातक. घामाबरोबर गेलेलें मीठ भरून न आल्यास रक्तांतील सोडियम उतरतें आणि माणूस भ्रमिष्ट होतो. वाग्भटानें ग्रीष्मचर्येंत खारट, तिखट, आंबट, व्यायाम व ऊन यांचा त्याग सांगितला आहे, आणि आपल्यांतील कांहीं निष्ठावान् मंडळी तेवढ्यावरून उन्हाळ्यांत मीठ तोडतात. त्यांनीं तें वचन पुरतें लक्षांत घ्यावें. जो ऊन व श्रम दोन्ही टाळून शीतगृहांत पडून राहणार आहे, त्यासाठीं तो उपदेश आहे. उन्हाचा त्याग न करितां मिठाचाच त्याग करणें हें अर्धें शास्त्र झालें. अर्थात् रक्तदाबाच्या वा हृदयाच्या रोग्यांनीं पाणी, मीठ व गोळ्या यांचें मान निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.

मळमळ, घेरी, घाम, अशक्तपणा हा पहिला टप्पा. त्यांतून माणूस सांवरतो. बोलणें असंबद्ध झालें, पाऊल लटपटूं लागलें, झटके आले, शुद्ध हरपली कीं तो उष्माघात. मग अंग कोरडें आहे कीं ओलें याची चर्चा करीत बसूं नये. ९११ या क्रमांकावर मदत मागावी आणि मदत येईपर्यंत मिळेल त्या पाण्यानें सर्व अंग भिजवून जोरानें वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. मदत विमानानें येईलच अशा भरंवशावर राहण्यांतहि अर्थ नाहीं. जुलै २०२४ मध्यें मृत्युदरींत मोटारसायकलवरून गेलेला एक प्रवासी उष्म्यानें मेला, त्या वेळीं वैद्यकीय हेलिकॉप्टर येऊंच शकलें नाहीं. सुमारें ४९ अंशांपुढें हवा इतकी विरळ होते कीं तीं यंत्रें सुरक्षितपणें उडत नाहींत. याच दरींत जुलै १९९६ मध्यें चार जर्मन प्रवासी, त्यांत दोन मुलें, भाड्याच्या गाडीनें आडवाटेस गेले. गाडी ऑक्टोबरांत सांपडली, टायर फुटलेले. अस्थि सांपडावयास २००९ साल उजाडलें.

प्रेस्कॉटच्या रानांत आम्ही चार दिवस राहिलों. कॅलिफोर्नियाचा बेत रद्द झाला व कोणासहि त्याचें वाईट वाटलें नाहीं. तेथें माझी अनेक वृद्धांशीं ओळख झाली आणि एक गोष्ट कळली, जी हौशी प्रवाशांच्या ध्यानांत येत नाहीं. यांतील पुष्कळांस दुसरें घरच नाहीं. निवृत्तिवेतनांत भाडें परवडेना, म्हणून जुनी गाडी विकत घेऊन ते रस्त्यावर आले. जेसिका ब्रूडर या लेखिकेनें २०१७ सालीं 'नोमॅडलँड' या ग्रंथांत अशाच लोकांची हकीकत लिहिली, आणि पुढें त्यावर निघालेला चित्रपट जगभर गाजला. आपल्या स्मृतिकारांनीं वानप्रस्थास ग्रीष्मांत पंचाग्नि तापण्यास सांगितलें आहे. पण तें व्रत म्हणून, सामर्थ्य आहे त्यानें, स्वेच्छेनें. येथें ज्यांची गाडी चढणीस चढत नाहीं किंवा पेट्रोलला पैसे नाहींत, ते खालींच राहतात. कॅलिफोर्नियांत नायलंड गांवाजवळ 'स्लॅब सिटी' नांवाची वसाहत आहे : दुसऱ्या महायुद्धांतील नौदल-शिपायांची छावणी उठली, तिचे कॉंक्रीटचे ओटे तेवढे राहिले, आणि त्या ओट्यांवर वीज, नळ, गटार यांपैकीं कांहींहि नसतां लोक मोडक्या गाड्यांतून राहतात. हिंवाळ्यांत तेथें गर्दी असते, उन्हाळ्यांत ज्यांना जातां येत नाहीं ते दीडशें-दोनशें उरतात. ते दिवसा हालचाल करीत नाहींत. ओलें कापड अंगावर घेऊन सांवलींत पडून राहतात आणि जें करावयाचें तें रात्रीं करतात.

आमच्या शेजारीं एका जुनाट गाडींत पंचाहत्तरीच्या एक बाई एकट्या राहत होत्या. पूर्वीं ग्रंथालयांत नोकरीस होत्या. त्यांनीं शीतकपाटाच्या दारावर चिकटविलेला एक कागद मला दाखविला. त्यावर बारा महिन्यांचीं नांवें, आणि प्रत्येकापुढें गांव व त्याची उंची लिहिलेली : जानेवारी, क्वार्टझसाइट, मे, प्रेस्कॉट, जुलै, फ्लॅगस्टाफ, असें. मी पुण्याचा हें कळल्यावर त्यांनीं पुण्याची उंची विचारली. सुमारें ५६० मीटर, असें मीं सांगितलें. त्यांनीं थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मे महिन्यास पुरणार नाहीं." मीं महाबळेश्वरचें नांव व त्याची सुमारें साडेतेराशें मीटर उंची सांगितली, तेव्हां त्यांनीं पेन्सिल घेऊन तें कागदाच्या कडेस नीट लिहून घेतलें, आणि जून लागल्यावर तेथें काय होतें असें विचारलें.